मृत्युपत्र नसता वारसा : पाटाच्या लग्नाचा पुरावा

(द्वितीय वर्ष, कला)

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या मिळकतीची वाटणी कशी व्हावी, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ठरवून दिले आहे. त्या कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे मिळकत प्रथम पहिल्या वर्गातील वारसांकडे जाते. मुलगा, मुलगी, विधवा, आई ही त्यांतली मुख्य नावे. या वर्गातले कोणी असेल तर भाऊ, पुतणे, चुलते यांना काही मिळत नाही. यादी वाचताना त्यात अवघड असे काहीच वाटत नाही. अडचण येते ती 'विधवा' या एका शब्दापाशी. विधवा म्हणजे मेलेल्या माणसाची लग्नाची बायको, हे कोणीही सांगेल. परंतु ती त्याची लग्नाची बायको होती हे सिद्ध कसे करावयाचे, आणि ते ज्या स्त्रीला सिद्ध करता येत नाही तिचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे. मुसलमान, ख्रिस्ती व पारशी समाजांचे कायदे निराळे असल्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही. हिंदू कायदा मात्र बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या सातारा-सांगली भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. याचे कारण 'पाट'. विधवेचे किंवा नवऱ्याने सोडलेल्या स्त्रीचे दुसरे लग्न ब्राह्मणेतर जातींमध्ये फार पूर्वीपासून होत आले आहे. त्याला कोठे पाट म्हणतात, कोठे मोहोतूर. कुमारिकेच्या लग्नासारखा त्याला मांडव नसतो, वाजंत्री नसते, मंगलाष्टके नसतात. रात्रीच्या वेळी चार माणसे बसवून, नवे लुगडे नेसवून, ओटी भरून आणि कुंकू लावून काम उरकत असे. पहिला नवरा जिवंत असेल तर आधी जातीपुढे काडीमोड घ्यावी लागे आणि सोडचिठ्ठी मिळाली म्हणजे स्त्री मोकळी होई. इंग्रजी अमदानीत आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या चालीरीती गोळा करून १८२७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही पाटाची दखल घेतलेली आहे. म्हणजे हे चोरून केलेले लग्न नव्हे. फक्त त्याचा कागद होत नसे. पत्रिका छापीत नसत, फोटो काढीत नसत, आणि पुढे विवाहनोंदणीचे कायदे आले तेव्हाही पाटाची नोंद करावी असे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पाट रद्द केला असे काही जण समजतात. ते बरोबर नाही. सातवे कलम सांगते की वधू किंवा वर यांपैकी कोणा एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले तरी लग्न लागते. एकोणतिसाव्या कलमाने रूढीप्रमाणे होणारी फारकतही राखून ठेवली आहे. मात्र रूढी आहे एवढे म्हणून भागत नाही, ती पुराव्याने दाखवावी लागते. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रूढीची फारकत हा सर्वसाधारण कायद्याला अपवाद असल्यामुळे, जो तिचा आधार घेतो त्याने ती स्पष्टपणे मांडून शाबीत केली पाहिजे. आता पन्नास वर्षांपूर्वी रात्री चार माणसांत झालेली गोष्ट शाबीत कशी करावी? त्या चारांपैकी तीन वारलेले असतात, आणि चौथा बहुधा भाऊबंदच असतो.

येथे परदेशाकडे एक नजर टाकणे उपयोगाचे होईल. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या राज्यात २००६ चा वारसा कायदा आहे. त्याप्रमाणे लग्न न करता दोन माणसे सलग दोन वर्षे जोडीदार म्हणून राहिली असतील, किंवा त्यांना मूल झाले असेल, तर एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला पतीपत्नीप्रमाणेच वारसा मिळतो. लग्नाची बायको हयात असली तरी दोघींना वाटा देण्याची तरतूद त्यात आहे. इंग्लंडात एवढे नाही. तेथे १९९५ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षे सहवास असलेल्या व्यक्तीला मृताच्या मिळकतीतून तजवीज मागण्यासाठी न्यायालयात जाता येते, पण ती आपोआप वारस होत नाही. आपल्याकडील स्थिती या दोहोंहून वेगळी आहे, आणि सगळा घोटाळा या वेगळेपणात आहे. न्यू साउथ वेल्समध्ये एकत्र राहणे हाच हक्क आहे. आपल्याकडे एकत्र राहणे हा हक्क नाही. तो लग्न झाले असल्याचा केवळ पुरावा आहे. स्त्रीने कोर्टात 'मी त्यांच्याबरोबर तीस वर्षे राहिले, म्हणून मला द्या' असे म्हणून चालत नाही. तिने म्हणावयाचे असते, 'आमचे लग्न झाले होते. तीस वर्षे राहिले यावरून ते ओळखा.' ऐकायला दोन्ही वाक्ये सारखी वाटतात. वकील मात्र पहिले वाक्य ऐकताच कपाळाला हात लावतो.

दीर्घकाळाच्या सहवासावरून लग्न गृहीत धरण्याचे तत्त्व आपल्याकडे जुने आहे. १९२७ साली सिलोनच्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असे सांगितले की स्त्री व पुरुष नवराबायको म्हणून राहत आल्याचे शाबीत झाले, तर उलट पुरावा स्पष्ट नसेल तेथे ते लग्नाने एकत्र राहिले असेच कायदा धरील, बिनलग्नाचे राहिले असे नाही. स्वतंत्र भारतात या विषयावर १९७८ चा बद्रीप्रसाद खटल्याचा निकाल प्रसिद्ध आहे. तेथे जोडपे सुमारे पन्नास वर्षे एकत्र राहिले होते. अर्ध्या शतकापूर्वीच्या लग्नाचे भटजी आणि साक्षीदार आणा असा आग्रह धरला तर फारच थोड्या लोकांना आपले लग्न सिद्ध करता येईल, अशा आशयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात म्हटले आहे. हे वाक्य केवळ पाटाच्या बायकांना नव्हे, तर आपल्या सर्वांच्या आजीआजोबांना लागू आहे. २०१५ साली छत्तीसगडच्या धन्नूलाल खटल्यात आणि २०२२ साली केरळच्या एका खटल्यात हेच तत्त्व पुन्हा वापरले गेले. केरळच्या खटल्यातील एक मुद्दा विशेष घेण्यासारखा आहे. तेथे मुलाच्या बाजूने जी कागदपत्रे आली ती वाद सुरू होण्याच्या पुष्कळ आधीची होती, आणि त्यांत बापाचे नाव होते. भांडण लागल्यावर केलेल्या शंभर प्रतिज्ञापत्रांपेक्षा भांडण लागण्याआधीच्या एका शाळेच्या दाखल्याला वजन अधिक.

अर्थात हे गृहीत पक्के नसते. गोकुळचंद खटल्यात १९५२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की विरुद्ध परिस्थिती दाखवून ते ढासळवता येते.

नवराबायको 'म्हणून' राहणे हे कोणाच्या नजरेने ठरवावयाचे? याला १८७२ च्या पुरावा कायद्याचे पन्नासावे कलम उत्तर देत असे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हे तत्त्व त्यातही तसेच ठेवले आहे. एखाद्या नात्याबद्दल घरच्या किंवा माहीतगार माणसाचे जे मत असेल, ते त्याच्या वागण्यातून दिसले पाहिजे, आणि तसे दिसले तर ते वागणे पुराव्यात घेता येते. म्हणजे शेजारी काय बोलतो यापेक्षा शेजाऱ्याने काय केले हे महत्त्वाचे. लग्नकार्यात तिला जोडीने पाटावर बसविले का? जत्रेचा नैवेद्य तिच्या हातून गेला का? भावकीच्या पत्रिकेत तिचे नाव कोणत्या नात्याने छापले?

आमच्या वाडीत घडलेली एक गोष्ट येथे नावे न देता सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे आळीतील कोणाचाही सरकारी कागद आला की तो वाचायला माझ्याकडे येतो. असाच एक कागद घेऊन एक आजी आल्या होत्या. त्या विधवा, त्यांचे यजमान विधुर. दोघांचा पाट झाला त्याला तीस वर्षांवर काळ लोटला होता. मूलबाळ नाही. यजमान मृत्युपत्र न करता गेले. मागे अडीच एकर जमीन आणि दोन खणांचे घर. पुतण्यांनी तलाठ्याकडे वारसनोंदीला हरकत घेतली. हरकतीतले वाक्य असे होते : 'सदर स्त्री आमचे चुलते यांचेकडे राहावयास होती.' मी ते वाचून दाखवले तेव्हा आजी काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "राहायला होते व्हय? आन् ते गेले त्या दिवशी ह्यांच्याच आयांनी माझ्या बांगड्या फोडल्या, त्या कशाला गं?"

कायद्याच्या दृष्टीने आजींनी अगदी नेमका प्रश्न विचारला होता. जावांनी बांगड्या फोडल्या, कुंकू पुसले, म्हणजे त्यांनी त्या दिवशी तिला दिराची लग्नाची बायको मानले. बिनलग्नाच्या बाईच्या बांगड्या कोणी फोडायला येत नाही. हे वागणे पुरावा कायद्यातील त्या तत्त्वात चपखल बसते. आणि त्यात गंमत अशी की हा पुरावा विरुद्ध बाजूच्याच घरातून आलेला आहे. बांगड्या फोडण्याच्या चालीचे मी समर्थन करीत नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून ही चाल बंद केली, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले, हे योग्यच झाले. पण ज्या स्त्रीजवळ दुसरा कसलाच कागद नाही, तिच्या बाबतीत ती क्रूर चालही साक्षीला उभी राहते, हेही नमूद केले पाहिजे.

त्या आजींच्या बाबतीत निकाल काय लागायला हवा, हे सांगणे तसे अवघड नाही. लग्न मान्य झाले तर त्या पहिल्या वर्गातील एकमेव वारस, आणि पुतणे दुसऱ्या वर्गातले. तेव्हा सगळी मिळकत आजींची. लग्न अमान्य झाले तर सगळी पुतण्यांची. मधली वाट नाही. अडीच एकरांचा सगळा तोल एका रात्रीच्या ओटीवर आणि तीस वर्षांच्या लोकांच्या बोलण्यावर आहे.

नाते सिद्ध करणे दुसऱ्याच्या तोंडावर अवलंबून राहिले म्हणजे काय होते, याचे उदाहरण सातारच्या गादीच्या इतिहासातही आहे. १७४९ मध्ये शाहू महाराज निपुत्रिक वारले. त्यापूर्वी ताराबाईंनी आपला एक नातू लपवून वाढविलेला आहे असे सांगितले होते, आणि त्या शब्दावर रामराजे छत्रपती झाले. पुढे रामराजे ताराबाईंच्या मनाप्रमाणे वागेनात, तेव्हा १७५० मध्ये त्यांनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले, आणि १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबापुढे शपथेवर सांगितले की हा माझा नातू नव्हेच. जिच्या शब्दाने नाते उभे राहिले तिच्याच शब्दाने ते पाडले गेले. गादीचा वारस असल्यामुळे रामराजांचे छत्रपतिपद तरी टिकले. अडीच एकरांच्या वारसामागे पेशवे उभे राहत नाहीत.

आतापर्यंतचे विवेचन ज्या स्त्रीचे लग्न होण्यास कायद्याची आडकाठी नव्हती तिच्यापुरते झाले. ज्या पुरुषाची पहिली बायको हयात आहे त्याच्या घरी दुसरी आली असेल, तर प्रकरण एकदम निराळे होते. हा भेद लोकांच्या बोलण्यात नसतो. दोघींनाही 'पाटाची' म्हणतात. कायदा मात्र दोघींमध्ये भिंत घालतो. सहवासावरून लग्न गृहीत धरणे हे पुराव्यातली पोकळी भरण्यासाठी आहे. पहिली बायको जिवंत असताना दुसरे लग्न झाले असे कळले की तेथे पोकळी नसतेच. लग्न झाले हे कबूल, पण ते मुळातच रद्दबातल. शंभर साक्षीदार आणले तरी ते फक्त एका रद्दबातल लग्नाचे साक्षीदार ठरतात.

मुंबई इलाख्यात ही बंदी इतर पुष्कळ प्रांतांच्या आधी आली. हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा येथे १९४६ साली झाला आणि नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तो घटनेला धरून असल्याचा निर्णय १९५१ साली दिला. पुढे १९५५ च्या कायद्याने सगळ्या देशात एकपत्नीत्व आले. बंदीच्या आधी ज्यांनी दोन बायका केल्या त्यांच्या दोघीही कायदेशीर. म्हणून १९५६ च्या कायद्यात दहाव्या कलमात अशी सोय आहे की एकाहून अधिक विधवा असतील तर त्या सर्वांनी मिळून एक वाटा घ्यावा. जुन्या सातबारावर एकाच माणसाच्या दोन विधवांची नावे एकाखाली एक दिसतात ती याच कारणाने.

बंदीनंतरच्या दुसऱ्या बायकोची कोंडी महाराष्ट्रातील दोन खटल्यांवरून नीट कळते. पहिला भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल १९६५. भाऊरावाने पहिली बायको असताना फेब्रुवारी १९६२ मध्ये गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले. हार घातले गेले, दोघांची कपाळे एकमेकांस लावली. पण होम झाला नाही, सप्तपदी झाली नाही. त्या जातीत एवढ्यावर लग्न लागते अशी जुनी, अखंड रूढीही दाखविता आली नाही. पाचसात वर्षांत पडलेली सवय म्हणजे रूढी नव्हे असे न्यायालयाचे म्हणणे पडले. लग्न रीतसर लागलेच नाही, तेव्हा द्विभार्येचा गुन्हाही नाही, म्हणून तो सुटला. दुसरा यमुनाबाई आढाव खटला, निकाल १९८८. येथे १९७४ साली लग्न हिंदू विधींनी रीतसर लागले होते. पण नवऱ्याची पहिली बायको हयात होती, म्हणून लग्न रद्दबातल ठरले आणि यमुनाबाईंना पोटगीसुद्धा मिळाली नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहावेत. विधी अपुरे राहिले तर नवरा सुटतो, विधी पुरे झाले तरी दुसरीला काही मिळत नाही. न्यायाधीशांनी कायद्याचा अर्थ बरोबर लावला असेल. तरी वाचणाऱ्याच्या मनात जे यायचे ते येतेच.

याबाबतीत जुना धर्मशास्त्रीय कायदा आजच्यापेक्षा मवाळ होता, हे वाचून मला आश्चर्य वाटले. आपल्या वाईत हा विषय दूरचा नाही. येथील प्राज्ञपाठशाळेने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९३७ पासून धर्मकोशाचे जे खंड प्रसिद्ध केले, त्यांतील पहिले व्यवहारकांडाचे आहेत, आणि दायभागाची वचने त्यात एकत्र सापडतात. याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा ही आपल्या भागात न्यायालयांनी प्रमाण मानली. त्या परंपरेत 'अवरुद्ध स्त्री' अशी एक संज्ञा आहे. एकाच पुरुषाने आपल्यापाशी राखलेली आणि त्याच्याशी एकनिष्ठ राहिलेली स्त्री असा तिचा अर्थ. ती वारस नव्हे. पण तो पुरुष मरेपर्यंत संबंध टिकला असेल तर त्याच्या मिळकतीतून तिला अन्नवस्त्र मिळावे, असा नियम होता, आणि मुंबईहून गेलेल्या बाई नागुबाई खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२६ साली तो मान्य केला. ती त्याच्या राहत्या घरातच राहिलेली असली पाहिजे असेही नाही, असे त्यात ठरले. १९५६ चा दत्तक व निर्वाह कायदा आला, त्यात मृताच्या आश्रितांची यादी दिलेली आहे. त्या यादीत अनौरस अज्ञान मुलगा आहे, अनौरस अविवाहित मुलगी आहे. त्यांची आई नाही. सुधारणेच्या कायद्याने एकपत्नीत्व आणले हे मोठे काम झाले, पण जुन्या कायद्याने तिच्या ताटात जी भाकरी ठेवली होती ती जाता जाता उचलली गेली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने 'विवाहसदृश संबंध' असा शब्द आणून तिला थोडे संरक्षण दिले. परंतु २०१३ च्या इंद्रा शर्मा खटल्याप्रमाणे पुरुष विवाहित आहे हे माहीत असून राहिलेली स्त्री त्यात सहसा बसत नाही. शिवाय त्या कायद्यात निवारा व पोटगी आहे, वारसा नाही.

मुलांची गोष्ट मात्र सुधारली आहे. विवाह कायद्याच्या सोळाव्या कलमाची १९७६ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून रद्दबातल लग्नाची संततीही औरस समजली जाते. पण त्याच कलमाने त्या संततीचा हक्क आईबापांच्या मिळकतीपुरता ठेवला. मग वडिलोपार्जित जमिनीत त्यांना काही आहे की नाही, यावर अनेक वर्षे मतभेद चालले. १ सप्टेंबर २०२३ रोजी रेवणसिद्धप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो वाद मिटविला. ही मुले एकत्र कुटुंबाची जन्मसिद्ध भागीदार होत नाहीत. पण बाप वारण्याच्या क्षणी वाटणी झाली असती तर बापाच्या हिश्शास जे आले असते, त्यात त्यांना औरस मुलांबरोबर वाटा आहे.

आकड्यात मांडले तर लवकर समजेल. वडिलोपार्जित ९ एकर जमीन आहे. घरात बाप, लग्नाची बायको आणि तिचा एक मुलगा. बापाची आई हयात नाही. दुसऱ्या, रद्दबातल लग्नाची एक मुलगी आहे. बाप वारला. काल्पनिक वाटणीत बाप, बायको व मुलगा यांना ३-३ एकर. आता बापाच्या ३ एकरांची वाटणी बायको, मुलगा आणि दुसरीची मुलगी यांच्यात सारखी, म्हणजे प्रत्येकी १ एकर. शेवटी बायकोकडे ४, मुलाकडे ४, आणि त्या मुलीकडे १ एकर. तिच्या आईकडे शून्य. आईला भाकरी मिळाली तर ती मुलीच्या एका एकरातून. आणि आईबापांचे कसलेच लग्न झाले नव्हते असे ठरले, तर सोळावे कलम लागूच होत नाही, कारण ते रद्दबातल लग्नासाठी आहे, न झालेल्या लग्नासाठी नाही. अशा मुलाचे नाते १९५६ च्या कायद्याप्रमाणे फक्त आईशी. म्हणून मुलांच्या हितासाठीसुद्धा लग्न झाले होते हे दाखवावे लागते, मग ते रद्दबातल का असेना.

आता कचेरीतला व्यवहार. माणूस वारला की तलाठ्याकडे वारसांची वर्दी द्यावयाची. जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते आणि मग फेरफार पडतो. कोणी हरकत घेतली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदींत जाते आणि वरिष्ठ महसूल अधिकारी चौकशी करतात. लोकांचा सगळा जीव या फेरफारात असतो. वस्तुतः फेरफाराने मालकी ठरत नाही. तो वसुलीसाठी ठेवलेला कागद आहे. उलट सिद्ध होईपर्यंत तो खरा समजतात इतकेच. मालकीचा खरा निकाल दिवाणी न्यायालयात. तेथेही दाखले दोन तऱ्हेचे आहेत. बँकेतील ठेव, येणे रक्कम, शेअर यांच्यासाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे प्रमाणपत्र. सर्वसाधारण वारस दाखल्यासाठी मात्र अजूनही मुंबईचे १८२७ चे आठवे रेग्युलेशन वापरतात. दोनशे वर्षे होत आली तरी हा कायदा आपल्याकडे जिवंत आहे. त्यात न्यायालय जाहीर नोटीस काढते, कोणाची हरकत नसेल तर दाखला देते. हरकत गुंतागुंतीची निघाली तर रीतसर दावा लावा असे सांगते. पाटाच्या प्रकरणात बहुधा तसेच होते.

पासबुकावर नॉमिनी म्हणून नाव आहे, तेव्हा पैसा आपलाच, असेही पुष्कळ बायका समजून असतात. सरबतीदेवी खटल्यात १९८३ सालीच ठरले आहे की नॉमिनी हा पैसा हातात घेणारा, मालक नव्हे, मालक वारस. तरीही नॉमिनीच्या रकान्यात त्याने स्वतः 'पत्नी' असे लिहिले असेल, तर तो कागद लाखमोलाचा. पैशासाठी नव्हे, लग्नाच्या पुराव्यासाठी. रेशनकार्ड, मतदार यादी, मुलांचे शाळेतील दाखले, दवाखान्यातील संमतिपत्र, सोसायटीच्या कर्जाचा कागद, देवस्थानची पावती, दशक्रियेची पत्रिका यांचेही तसेच. त्या आजींकडे रेशनकार्ड होते. त्यावर त्यांचे नाव यजमानांच्या खाली होते, पण नात्याचा रकाना कोणी भरलेलाच नव्हता.

मृत्युपत्र असते तर यातले बरेचसे टळते. आपल्या स्वकष्टार्जित मिळकतीचे, आणि एकत्र कुटुंबातील आपल्या हिश्शाचेही, मृत्युपत्र हिंदू पुरुष कोणाच्याही नावाने करू शकतो. ती लग्नाची बायको असली पाहिजे अशी अट नाही. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, कागद साधा चालतो. फक्त त्याची सही किंवा अंगठा, आणि त्याच्यादेखत दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. तरी आमच्याकडे मृत्युपत्राचे नाव काढले की माणसे तोंड फिरवतात. लिहून ठेवले म्हणजे मरण लवकर येते अशी समजूत. हा लेख लिहिण्यापूर्वी मी वाडीत विचारीत हिंडले, तेव्हा मृत्युपत्र केलेला एकच माणूस सापडला. ते निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांचे लग्न मांडवात लागलेले, पत्रिका जपून ठेवलेली, फोटो भिंतीवर लावलेला, आणि नोंदणीचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत.